पोलंडचे दिवाण

पोलंड मी निवडला नव्हता. माझे मार्गदर्शक नांदेडच्या एका महाविद्यालयात शिकवत. तिथल्या राज्यशास्त्र विभागात एक काचेचं कपाट होतं आणि त्याचे खालचे दोन कप्पे पोलंडने भरलेले होते. कुठल्याशा वकिलातीने फुकट पाठवलेली इंग्रजी पुस्तकं, गुळगुळीत कागदाची मासिकं, त्यांत जहाजं आणि हसऱ्या कामगारांचे फोटो. मी पीएच.डी.साठी विषय मागायला गेले तेव्हा सरांनी मला त्या कपाटासमोर उभं केलं.

"पंचायत राज नको," ते म्हणाले. "पंचायत राजवर इतके प्रबंध झालेत की तेवढ्या पंचायती नाहीत. हे घ्या. यावर मराठवाड्यात तुमच्याशी वाद घालायला कुणी येणार नाही."

या कारणाने 'पोलंडचे शासनप्रमुख' हा माझा विषय झाला. वाद घालायला कुणी येणार नाही, हे मात्र सरांचं चुकलं. पहिला वाद घरातच झाला.

मी तेव्हा लातूरला हंगामी प्राध्यापक होते. लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते आणि गाव अजून त्या नव्याने मिळालेल्या पदवीत वावरायला शिकत होतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या, पाट्या मात्र मोठ्या होत्या. आठवड्याला कुठल्या तरी पाहुण्यासाठी कमान उभी राहायची. राज्यातले मुख्यमंत्रीही त्या वर्षांत भराभर बदलत, म्हणून कमानी रंगवणारा नाव लिहायचं सोडून नुसतं 'मा. मुख्यमंत्री यांचे हार्दिक स्वागत' लिहायला लागला होता. तीच कमान दोघातिघांना पुरली. पाऊस तेवढा येत नव्हता. विहिरी आटल्या, गावात टँकर फिरू लागले, आणि माझ्या वर्गातली निम्मी पोरं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेली. उरलेल्यांना मी संसदीय लोकशाहीची वैशिष्ट्यं शिकवत असे. ती त्यांनी शांतपणे लिहून घेतली.

संस्थेने मला स्पष्ट सांगितलं होतं. जूनच्या आत पीएच.डी. झाली तर नोकरी कायम, नाहीतर जागा मोकळी करायची. मोकळी झालेली जागा कुणाला मिळणार, तेही शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. संस्थेच्या अध्यक्षांचे जावई एम.ए. होऊन औशाला बसले होते. माझ्यापुरता दुसरा रस्ता म्हणजे नांदेडला परत वडिलांच्या घरी, आणि तिथून मुदखेड. मुदखेडला एक स्थळ होतं, रेल्वेतलं, माणूस सरळ आहे असं सगळे म्हणत. असेल. पण मला जंक्शनवर बसून आयुष्यभर दुसऱ्यांना गाड्या बदलताना बघायचं नव्हतं.

माझे वडील, अण्णा, निजामाच्या काळात नांदेडच्या कोर्टात पेशकार होते. म्हणजे न्यायाधीशापुढे कागद मांडणारे. शिक्षण उर्दूतून झालेलं, वाचन पुष्कळ, आणि कुठल्याही सरकारबद्दल मत वाईट. सुट्टीत मी घरी गेले आणि प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्यांना वाचून दाखवू लागले. दुसऱ्याच वाक्यावर त्यांनी हात वर केला.

"पंतप्रधान? पोलंडात पंत आहेत का गं?"

"मराठीत तोच शब्द आहे, अण्णा."

"तो पुण्याचा शब्द आहे. पुण्याला पेशवा मोठा झाला अन् छत्रपती साताऱ्याला बसून राहिले. म्हणून तिकडच्या माणसाला पंतप्रधान म्हटलं की राज्य चालवणारा दिसतो. आपल्याकडं उलटं होतं बाई. आपला दिवाण. पुढं त्याला सदर-ए-आझम म्हणू लागले, नाव लांब केलं, पण माणूस तोच. सकाळी सलाम घ्यायचा आणि संध्याकाळी त्याचा बंगला रिकामा करायला माणसं यायची. राज्य निजामाचं, अन् निजामाच्या डोक्यावर इंग्रजांचा रेसिडेंट. आता सांग, तुझ्या या पंतप्रधानाच्या वर कोण?"

"पक्षाचा पहिला सचिव."

"अन् त्याच्या वर?"

"मॉस्को."

"मग झालं की. लिही दिवाण." आणि ते चष्मा पुसायला लागले, जणू निकाल देऊन झाला.

मी हसले, पण लातूरला परत जाताना बसमध्ये तेच डोक्यात राहिलं. पोलंडच्या शासनप्रमुखांना त्यांच्या भाषेतही पंतप्रधान म्हणत नाहीत, 'मंत्रिपरिषदेचे अध्यक्ष' म्हणतात. शब्द मलाच ठरवायचा होता. मग मी ती सगळी मंडळी पुन्हा पहिल्यापासून तपासली.

ती मंडळी बघण्यासारखी होती. पहिल्या महायुद्धानंतर देश नव्याने उभा राहिला तेव्हा सुरुवातीच्याच एका सरकारचा प्रमुख पियानो वाजवणारा होता. जगप्रसिद्ध होता, पण पियानो वाजवणारा. त्याला वर्षही पुरं करता आलं नाही. त्यानंतर काही काळाने आला एक शेतकऱ्यांचा पुढारी. हा राजधानीतही टाय बांधत नसे. त्याला बोलवायला माणसं गेली तेव्हा तो शेतात काम करत होता, असं सांगतात. सगळ्या लोकनेत्यांबद्दल असंच सांगतात, पण याच्या बाबतीत खरं असावं असं मला वाटलं. तो तीनदा शासनप्रमुख झाला. तिसऱ्यांदा खुर्चीवर बसून काही दिवस होतात तोच एक मार्शल सैन्य घेऊन राजधानीवर चालून आला. नदीवरच्या पुलावर राष्ट्राध्यक्ष आणि मार्शल समोरासमोर बोलले. जमलं नाही. गोळीबार झाला आणि शेतकऱ्याचं सरकार गेलं.

माझ्या प्रबंधाची सगळी गंमत त्या पुलावर होती. कारण मार्शल जिंकल्यावर स्वतः शासनप्रमुख झाला नाही. त्याने गणिताच्या एका प्राध्यापकाला बसवलं. मग स्वतः बसला, मग उठला, मग पुन्हा प्राध्यापक, मग दुसरा, मग पुन्हा प्राध्यापक. स्वतः सैन्याचं खातं धरून होता आणि राज्य तिथून चालत होतं. पुढे दुसरं महायुद्ध आलं, सरकार देश सोडून पळालं, शेवटी लंडनला जाऊन थांबलं. युद्ध संपल्यावर मायदेशात कम्युनिस्टांचं सरकार बसलं आणि जगाने लंडनवाल्यांना ओळख देणं बंद केलं. लंडनवाल्यांनी मात्र स्वतःला ओळख देणं बंद केलं नाही. मी प्रबंध लिहीत होते त्या दिवसांतही तिथे एक शासनप्रमुख होता, मंत्री होते, खाती होती. फक्त देश नव्हता. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा पोलंडवर खूश झाले. "बिनदौलतीचे दिवाण," ते म्हणाले. "हैदराबादचे असे दोनचार मी पाहिलेत."

शेवटी मी ठरवलं. पुलाच्या आधीचे ते पंतप्रधान. पुलानंतरचे ते दिवाण. सरांनी हस्तलिखित वाचून डोकं खाजवलं. "परीक्षक पुण्याचे येणार आहेत," एवढंच म्हणाले. पण त्यांनी खोडलं नाही.

लातूरच्या स्टाफरूममध्ये माझा विषय हा सगळ्यांच्या करमणुकीचा होता. इतिहासाचे सर तर रोज सकाळी दारातूनच ओरडत, "बाई, पोलंडचा पंतप्रधान बदलला! रेडिओवर सांगितलं आत्ता!" पहिल्या दोनतीनदा मी हातातलं टाकून वर्तमानपत्र शोधायला धावले, कारण माणूस बदलला की शेवटचं प्रकरण बदलावं लागणार. नंतर मी लक्ष देईनाशी झाले. त्यामुळे तो खरंच बदलला तेव्हा मी त्यांना म्हटलं, "सर, आता नवीन काहीतरी शोधा."

"आईच्यान खरं सांगतोय बाई!"

दुपारी वर्तमानपत्र आलं. आतल्या पानावर, डाळींच्या भावाशेजारी, चार ओळी होत्या. काळा चष्मा लावणारा जो सेनापती पक्षाचाही प्रमुख होता आणि सरकारचाही, त्याने सरकारची खुर्ची सोडली होती. त्याने राष्ट्रप्रमुखाचं पद घेतलं, पक्ष हातात ठेवला, आणि शासनप्रमुख म्हणून अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकाला बसवलं. प्रबंध तोवर सादर झालेला होता. मी ते कात्रण कापायला घेतलं तर स्टाफरूममध्ये वेगळाच आनंद पसरलेला.

"प्राध्यापक पंतप्रधान झाला! आपल्यातला!" वाणिज्यचे सर म्हणाले. "आता चहा कोण पाजतंय?"

कोपऱ्यातून भूगोलाच्या बाईंनी विणकामातून मान वर न करता विचारलं, "कायम का हंगामी?"

खोलीतले निम्मे लोक हंगामी होते.

मौखिक परीक्षा उन्हाळ्यात नांदेडलाच ठेवली, कारण सरांची तब्येत बरी नव्हती आणि त्यांना प्रवास झेपत नव्हता. अहमदपूर, लोहा करत बस नांदेडला पोहोचली तोवर माझ्या साडीला आणि रस्त्याला एकच रंग आला होता. गोदावरीच्या पात्रात वाळूच जास्त होती. विभागात पंखा चालू होता आणि कोपऱ्यात माठ. पुण्याचे परीक्षक वयस्कर होते, स्वच्छ, सौम्य. त्यांच्याबद्दल वाईट बोलावं असं त्यांनी काही केलं नाही, हे आधीच सांगते.

"प्रबंध वाचनीय आहे," ते म्हणाले. परीक्षक वाचनीय म्हणाले की पुढे काय येतं ते मला माहीत होतं. "पण हा दिवाण काय प्रकार आहे? पान उलटलं की पोलंडचा दिवाण. आमच्याकडे दिवाणावर पाहुणे झोपतात. आणि खाली गाद्या ठेवायला जागा असते."

माझे सर खिडकीबाहेर बघू लागले.

"सर, इकडे दिवाण म्हणजे निजामाचा..."

"ते मला समजलं. पण शास्त्रीय लेखनात असे प्रांतिक शब्द चालत नाहीत. सगळीकडे पंतप्रधान करा, सहा महिन्यांनी पुन्हा सादर करा. बाकी माझी काही हरकत नाही."

सहा महिने म्हणजे दिवाळी. जून मध्येच येऊन जाणार होता. मी होकार दिला असता तर पदवी निश्चित होती आणि नोकरी निश्चित गेली होती. तेव्हा मी होकार दिला नाही. यात शब्दावरची निष्ठा किती आणि मुदखेड किती, ते मी कधी वेगळं करून पाहिलेलं नाही.

"सर, पंतप्रधान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कोण येतं?"

"कोण येणार? राज्य चालवणारा."

"तो पुलाच्या आधी होता. मी क्रियापदं पाहिली, सर. आधीच्या सरकारांबद्दल लिहिताना मला सगळीकडे 'पडलं' लिहावं लागलं. आघाडी फुटली, संसदेत मतं कमी पडली, सरकार पडलं. पुलानंतर एकही वाक्य तसं जमत नाही. तिथे 'बदलला', 'बसवला', 'काढला'. पडायला आधी उभं असावं लागतं. आता मागच्याच हिवाळ्यात सेनापतीने खुर्ची सोडली. सत्ता कुठे गेली? कुठेच नाही. तो ज्या खुर्चीवर जाऊन बसला तिथे. जी रिकामी झाली तिला मी पंतप्रधानपद म्हटलं तर वाचणारा फसेल."

परीक्षकांनी पेन टेबलावर ठेवलं. "ठीक. पण मग तुमचीच उपमा तुमच्यावर उलटते. हैदराबादचा एक दिवाण इतका मोठा झाला होता की निजाम त्याच्यापुढे लहान दिसत होता. कित्येक वर्षं टिकला. त्याचं काय?"

हे अण्णांनी मला सांगितलं नव्हतं. त्यांच्या हिशेबात सगळे दिवाण संध्याकाळी बंगला रिकामा करत. मी उठून माठातलं पाणी प्यायले आणि कॉलेजात वाचलेला निजामाचा इतिहास आठवून पाहिला. सरांनी आता खिडकी सोडून माझ्याकडे पाहिलं.

"त्याला काढायचं निजामाच्या मनात आलं होतं, सर," मी म्हटलं. "रेसिडेन्सीने काढू दिलं नाही. म्हणजे तो मोठा होता, त्याची खुर्ची मोठी नव्हती. वरच्याला तो हवा होता. पोलंडातही युद्धानंतरचा एक दिवाण असाच टिकला. मधली थोडी वर्षं सोडली तर दोन दशकांहून जास्त. त्याच्या डोक्यावरचे पक्षप्रमुख बदलत गेले, हा राहिला. कारण त्याच्या खुर्चीची कुणाला भीतीच वाटत नव्हती."

परीक्षकांनी प्रबंधाची पुढची पानं उलटली.

"आणि लंडनचे?" त्यांनी विचारलं.

"बिनदौलतीचे दिवाण, सर. मंत्रिमंडळाची बैठक अजूनही भरते."

ते हसले. एकदम, तोंडावर रुमाल धरून हसले. "असं करा," शेवटी म्हणाले, "सुरुवातीला एक पान वाढवा. तुमच्याकडे दिवाण म्हणजे काय ते नीट मांडा. आणि पहिलंच वाक्य असं लिहा की प्रस्तुत ग्रंथात दिवाण म्हणजे पलंग नव्हे. माझा अहवाल आजच देतो."

ते पान मी त्याच दुपारी लिहिलं. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त त्या मोठ्या दिवाणाबद्दल विचारलं. "तो अपवाद होता," म्हणाले आणि विषय बदलला. अपवाद त्यांना पहिल्यापासून ठाऊक होता, असं मला अजूनही वाटतं.

मे संपता संपता विद्यापीठाचं पत्र आलं. मला वाटलं होतं की काम झालं.

मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी पेढा घेतला आणि अध्यक्षांना भेटा म्हणाले. अध्यक्ष नव्या इमारतीतल्या नव्या खोलीत बसत. टेबल एवढं मोठं की समोरच्याचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागावा. "अभिनंदन, अभिनंदन," ते म्हणाले. "संस्थेला तुमचा अभिमान आहे. परंतु काळ कठीण आहे. दुष्काळ आहे, विद्यार्थिसंख्या घटलेली आहे. आपण एकदा सचिवांशी बोलून घ्या." सचिव म्हणाले, "माझं काय हो, अध्यक्ष म्हणतील तसं." तिसऱ्या फेरीला अध्यक्षांच्या खोलीबाहेर बाकावर औशाचे जावई बसलेले दिसले. इस्त्रीचा सदरा. त्यांनी मला नमस्कार केला आणि मीही केला. बिचाऱ्याचा यात काही दोष नव्हता.

त्या बाकावर बसल्याबसल्या मला माझाच प्रबंध आठवला, आणि आपण इतके दिवस काय करतोय याची लाज वाटली. मी उठले आणि गंजात गेले.

गंज म्हणजे आमचा बाजार. तिथे एका आडत दुकानाच्या गादीवर एक म्हातारे गृहस्थ बसत. सगळे त्यांना आप्पा म्हणत. संस्थेत त्यांना कुठलंही पद नव्हतं. पण ते येईपर्यंत सभा सुरू होत नसे आणि ते उठले की संपत असे. त्या वर्षी मालाची आवक नव्हतीच. दुकानात आप्पा, मुनीम आणि रिकामा तराजू. आप्पा अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

"या बाई. च्या घ्या. काय काम काढलं?"

"आप्पा, माझ्या नोकरीचं आहे. पदवी मिळाली, आता कायम करायचं म्हणाले होते."

"ते मला कामून सांगायलाव? मी कोन संस्थेचा? ना अध्यक्ष, ना सचिव. अध्यक्षाकडं जावा."

"जाऊन आले."

"काय म्हनले?"

"सचिवांकडे जा म्हणाले."

"अन् सचिव?"

"अध्यक्षांकडे."

"मंग?"

"मग म्हटलं, दोन्ही दिवाणांना भेटून झालं."

अडकित्ता थांबला. इथे मला पान वाढवावं लागलं नाही. आप्पा आधी मुनिमाकडे बघत राहिले आणि मग पोट हलवत हसू लागले. "ऐकलं का रे? अध्यक्षाला दिवान म्हनल्या बाई!"

"तसं नाही आप्पा, मी..."

"तसंच हाय. बसा." त्यांनी डोळे पुसले. "कशावर लिव्हलं म्हने तुमी ते पुस्तक?"

"पोलंडवर."

"तिकडं पाऊसपानी?"

"बरा असतो."

"मंग भांडतेत कामून?" त्यांना हे खरोखरच कळत नव्हतं. त्यांनी सुपारी तोंडात टाकली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या नव्या इमारतीचा दगड बघितला का बाई? नाव कुनाचं हाय वर?"

दगड मी पाहिला होता. सगळ्या गावाने पाहिला होता. मंत्र्यांच्या नावापेक्षा अध्यक्षांचं नाव मोठ्या अक्षरांत कोरलेलं होतं.

"जिमीन आमच्या आज्यानं दिली," आप्पा म्हणाले. "इचारलं पन न्हाई." त्यांनी पुन्हा अडकित्ता हातात घेतला. मी चहा संपवला आणि निघाले.

म्हणजे माझा प्रबंध, पुण्याच्या परीक्षकांचा अहवाल, मराठवाड्यात पोलंड जाणणारी मी एकटी, यांतलं काही माझ्या कामी आलं नव्हतं. अध्यक्षांनी एका दगडावर स्वतःचं नाव मोठं केलं, आणि त्यांना त्यांची जागा दाखवायला आप्पांना काहीतरी हवं होतं. ते मी झाले. ज्या कारभारावर मी टीका केली, त्याच्याच बळावर मी कायम होणार होते. हे मला गंजातून बसस्टँडकडे चालत जाताना लख्ख दिसत होतं. तरी मी परत फिरून नको म्हणायला गेले नाही.

सोमवारी सभा झाली. मंगळवारी अध्यक्षांनी मला बोलावून आदेश हातात दिला. सही त्यांचीच होती, हिरव्या शाईची, दोन ओळी व्यापणारी.

"तुमच्यासाठी मला फार झगडावं लागलं, बाई," ते म्हणाले. "पण मी कुणाचं ऐकून घेतलं नाही."

"हो सर," मी म्हटलं. "कळलं मला."

मग मी आदेशाची घडी घातली आणि तासाला गेले. वर्गात सात मुलं होती.